मरव्याचा हिवाळा

आमच्या घरमालकांनी मला खोल्या दिल्या त्या एकाच अटीवर. दहा नोव्हेंबरपासून पंधरा फेब्रुवारीपर्यंत जिना चढता-उतरताना चपला हातात घ्यायच्या. बाकी त्यांनी काही विचारलं नाही. नवरा काय करतो हे विचारलं नाही, आणि नवरा नाहीच हे कळल्यावर का नाही हेही विचारलं नाही. पन्नास सालच्या आसपास ठाण्यात एकट्या बाईला, सोबत आई असली तरी, खोल्या मिळणं किती कठीण होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी चपलांचं कारण का विचारलं नाही ते कळेल. मी म्हटलं, बरं. मला वाटलं, जिन्याखाली देव असतील.

जिन्याखाली कुंड्या होत्या.

घर नौपाड्यात होतं, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. खाली मालक आणि काकू, वर आम्ही दोन बिऱ्हाडं. समोरच्या खोल्यांत सामंत म्हणून एक गृहस्थ सहकुटुंब राहायचे. ते गिरणीच्या कचेरीत होते आणि कुठल्याही गोष्टीवर दोन वाक्यं बोलल्याशिवाय त्यांना चहा उतरत नसे. मी जवळच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. त्यामुळे मालक मला मास्तरीणबाई म्हणत. आम्ही सगळे त्यांना नुसतं मालक म्हणायचो. त्यांचं नाव वीजबिलावर होतं, पण ते कुणी कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

मालक उंच आणि वाळके होते. दिवाळी झाली की ते कानटोपी घालत आणि होळीला काढत. त्यांची सव्वीस वर्षं क्वेट्ट्याला लष्कराच्या कोठारात हेडक्लार्क म्हणून गेली होती. त्यांच्या साहेबाच्या मडमेला वासाच्या पाल्याची झाडं लावायचा नाद होता. आपण कोथिंबीर घालतो तशी ती हा पाला जेवणात घालायची. झाडं कुंड्यांत लावायची, कारण क्वेट्ट्याला बर्फ पडतं आणि जमिनीतलं झाड मरतं. कुंडी असली की ती उचलून तळघरात नेता येते. पाणी तोडायचं, फांद्या छाटायच्या, गोणपाटात गुंडाळायचं आणि अंधारात ठेवून द्यायचं. झाड झोपतं, आणि बर्फ वितळलं की उठतं. एकदा लावलेलं झाड असं दहा-दहा वर्षं टिकतं. मालक मडमेबरोबर कुंड्या उचलायचे आणि ती जे सांगेल ते एका जाड वहीत तारखेवार लिहून घ्यायचे.

फाळणी झाली आणि मालकांनी क्वेट्टा सोडलं. येताना त्यांनी पाच कुंड्या आणल्या. आधी कराचीपर्यंत आगगाडीनं, मग बोटीनं. काकू त्याबद्दल एवढंच सांगत, "लोकांनी सोनं आणलं, भांडी आणली. माझा तांब्याचा बंब तिथेच राहिला. आम्ही माती घेऊन आलो."

पाचांपैकी एक पुदिना होता, एक मरवा. बाकी तिघांची नावं मडमेनं सांगितलेली होती आणि ती फक्त मालकांनाच उच्चारता यायची. काकू त्यांना राखाडी, काटेरी आणि तिसरं म्हणत.

आता ठाण्याचा हिवाळा. नाताळच्या सुमाराला पहाटे जाग आली तर दुसरं पांघरूण घ्यावं का असा विचार येतो, आणि तो पुरा होईपर्यंत ऊन येतं. मालकांनी ओटीवर फॅरनहाइटचा उष्णतामापक टांगला होता. ते रोज सकाळी त्यात बघून मोठ्यानं वाचत, "आज पंचाऐंशी." मग कानटोपी खाली ओढून घेत. मी पहिल्या वर्षी न राहवून म्हटलं, "मालक, पंचाऐंशी म्हणजे गरम झालं की."

ते म्हणाले, "मास्तरीणबाई, हिवाळा तारखेनं येतो. थंडीनं नव्हे."

हे त्यांचं मुख्य तत्त्व. वहीत 'नोव्हेंबर १, पाणी बंद' असं असलं की पाणी बंद. 'नोव्हेंबर ५, छाटणी' असलं की कात्री. दहा तारखेला गोणपाट. त्या दिवशी अंगणात बसून ते एकेका कुंडीला गुंडाळत, सुतळीनं बांधत, आणि कपाळावरचा घाम त्याच गोणपाटाला पुसत. कोपरीहून एक भाजीवाली आमच्याकडे यायची. पहिल्या वर्षी तिनं हे बघितलं, पाटी उतरवली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मालक, झारांना काय झायलं? ताप आयलाय?"

"थंडी येतेय," मालक म्हणाले.

"कवा?"

"आज."

तिनं वर आभाळाकडे बघितलं, पदरानं गळा पुसला. "बरा. मंग घोंगरी काढते मी पन," म्हणाली आणि पाव शेर भेंडी काकूंच्या पदरात टाकून गेली.

जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथे एरवी बिऱ्हाडांचा कोळसा आणि लाकडं असायची. ती हिवाळ्यात बाहेर निघत, म्हणजे वरच्या गॅलरीत आमच्या अंथरुणांच्या शेजारी येत, आणि कुंड्या आत जात. दाराला कडी लागे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला मालक आत जाऊन प्रत्येक गोणपाटावर हात ठेवत आणि हळू आवाजात म्हणत, "झोपा." मग बाहेर येऊन आमच्याकडे वर बघत आणि ओठांवर बोट ठेवत. जिना त्या खोलीच्या डोक्यावरच होता. म्हणून चपला हातात.

सामंतांच्या मोठ्या मुलीला बघायला कल्याणहून मंडळी आली ती नेमकी जानेवारीत. मुलाचे वडील, आई, आत्या आणि मुलगा. मालक जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांनी चौघांना चपला काढून हातात घ्यायला लावल्या. वर "बोलू नका, झोपलेत," असंही सांगितलं. कोण झोपलंय हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. मंडळी चवड्यांवर वर आली, चपला छातीशी धरून. सामंत शरमेनं अर्धे झाले. पण मुलाची आत्या खुर्चीवर बसल्याबरोबर म्हणाली, "घर मोठं शिस्तीचं दिसतंय." लग्न ठरलं. त्यानंतर वर्षभर सामंतांनी मालकांविरुद्ध तोंड उघडलं नाही. मालकांना मात्र त्या लग्नात आपला काही हात आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आणखी एक प्रसंग सांगते. गावात दर जानेवारीला एका शाळेच्या पटांगणात फुलझाडांचं प्रदर्शन भरायचं. मालकांना भाग घ्यायचा होता. अडचण अशी की जानेवारीत त्यांची झाडं झोपलेली. त्यांनी त्यावर महिनाभर विचार केला आणि शेवटी मरव्याची कुंडी गोणपाटासकट उचलून, छातीशी धरून, पायी पटांगणात नेली. गुलाब आणि शेवंतीच्या मधोमध तो तपकिरी गठ्ठा ठेवला आणि पुढे पाटी लावली, 'मरवा. निद्रिस्त.' मी शाळेच्या मुली घेऊन तिथे होते, त्यामुळे पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे.

परीक्षक शेतकी खात्यातून निवृत्त झालेले होते. ते गठ्ठ्यापुढे थांबले. "झाड कुठे आहे?"

"आत," मालक म्हणाले.

"मग उघडा."

"तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि यजमान झोपले असले, तर पांघरूण ओढून बघता का?"

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्या मुली खिदळायला लागल्या, त्यांना मी गप्प केलं. परीक्षकांनी गठ्ठ्याभोवती एक फेरी मारली, सुतळीची गाठ ओढून बघितली आणि शेरा लिहिला, 'बांधणी उत्तम.' तो कागद मालकांनी पुढे ओटीवर उष्णतामापकाच्या खाली चिकटवला.

हिवाळ्याबद्दल वहीत इतकं असताना पावसाळ्याबद्दल एक ओळ नव्हती. क्वेट्ट्याला पावसाळा नाहीच. तिथे जुलै म्हणजे रखरखाट. त्यामुळे वहीत 'जुलै, प्रत्येकी रोज दोन तांबे' असं होतं, आणि ठाण्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडत असताना मालक एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन अंगणात कुंड्यांना पाणी घालत.

माझी आई खिडकीतून ओरडायची, "अहो मालक, वरून पडतंय की."

"पडतंय, पण ते मोजलेलं नाही," ते खालून म्हणायचे.

माझी आई रेवदंड्याची. तिचं बालपण वाडीत, शिंपण्यात आणि खुरपण्यात गेलेलं. तिला ही झाडांची तऱ्हा बघवत नसे. "उन्हाच्या दिवसांत अंधारात कोंडायचं आणि पावसाच्या दिवसांत बुडवायचं. माणूस असता तर पळून गेला असता," ती म्हणायची. इथल्या हवेत मरव्याला, पुदिन्याला बहर येतो तो थंडीतच. त्यांना जपायचं असतं पावसात. म्हणजे मालक अगदी काटेकोरपणे उलटं करत होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. मी राहायला येण्याआधीच तिसरं गेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात काटेरी कुजलं. दुसऱ्या फेब्रुवारीत गोणपाट सोडलं तेव्हा पुदिन्याच्या जागी दोऱ्यांचा गुंता होता. त्याच वर्षी श्रावणात राखाडी गेलं. मालकांनी त्या मेलेल्या झाडांना पाणी घालायचं थांबवलं नाही. वहीत लिहिलेलं तेवढं, रोज, नुसत्या मातीला. समोरचे सामंत गॅलरीतून म्हणाले, "मालक, आता काय चिखल पिकवताय?" मालकांनी वर बघितलं नाही. तांब्या खाली ठेवून ते आत गेले आणि दोन दिवस ओटीवर आले नाहीत. उष्णतामापक कुणी वाचला नाही. सामंतच तिसऱ्या दिवशी कासावीस होऊन काकूंना विचारायला गेले, "आज किती आहे म्हणे?"

आता पाचांतला एकटा मरवा उरला. तो पागोळीच्या आतल्या बाजूला उभा असायचा म्हणून पावसातून वाचला होता.

माझं तिसरं वर्ष. डिसेंबर लागला होता. एका दुपारी काकू वर आल्या. त्या सहसा वर येत नसत, गुडघे दुखायचे. त्यांनी पाटावर बसून घेतलं, आईनं दिलेला चहा संपवला आणि मग म्हणाल्या, "मी कडी काढून बघून आले. तीन पानं राहिलीत."

आई म्हणाली, "मग पंधरा दिवस. जास्तीत जास्त."

"हेच विचारायला आले." काकूंनी बशी खाली ठेवली. "ह्यांना सांगून काही उपयोग नाही, मी पाच वर्षं सांगतेय. ते झाड गेलं तर हे वही मिटतील. मग दिवसभर घरात. मी त्यांना सव्वीस वर्षं कचेरीत असतानाच काय ती ओळखते. दिवसभर घरात मला नकोत."

मी आईकडे बघितलं. आईनं आधीच पदर खोचला होता.

मालक रोज सकाळी साडेआठला मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारायला जात आणि दहाला परत येत. फिरण्याची वेळही वहीत होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेला अर्धा तास उशिरा येईन असं कळवलं. मालक वळणावर दिसेनासे झाल्यावर आम्ही खोलीची कडी काढली. मरव्याची कुंडी बाहेर घेतली. तिच्या जागी गेलेल्या पुदिन्याची रिकामी कुंडी ठेवली, आणि झाडाइतकी उंची यावी म्हणून तिच्यात आमची लोणच्याची रिकामी बरणी पालथी घातली. चिनीमातीची, कानाशी टवका गेलेली. वरून तेच गोणपाट, तीच सुतळी. गाठ काकूंनी मारली. "पस्तीस वर्षं ह्यांच्या गाठी बघतेय," त्या म्हणाल्या.

मरवा आमच्या दक्षिणेच्या खिडकीत आला. मालकांच्या प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगात आकडा असायचा. तो दिसू नये म्हणून आईनं कुंडीला गेरू फासला आणि ती आपल्या तुळशीशेजारी ठेवली.

मी म्हटलं, "आई, खिडकी अंगणातून दिसते. ते ओळखतील."

"कसले ओळखतात. ह्या दिवसांत ते झाड हिरवं त्यांनी कधी बघितलंय?"

त्या संध्याकाळी मालकांनी नेहमीप्रमाणे खोलीत जाऊन गठ्ठ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झोप." मी जिन्यात होते, चपला हातात. मला हसू आवरण्यासाठी चपला तोंडाशी धराव्या लागल्या. तो सगळा हिवाळा मालक दररोज न चुकता आमच्या बरणीला झोपवत होते.

आईनं मरव्याला जमेल तसं जपलं. पाणी माती सुकली तरच. ऊन दुपारी दोनपर्यंत. आठवड्यात डोळे फुटले, नाताळपर्यंत झाड कुंडीच्या काठाबाहेर आलं. आणि ज्याची मला भीती होती तेच झालं. एका सकाळी मालक फिरून आले आणि अंगणात थांबून वर बघायला लागले.

"मास्तरीणबाई, तुमच्या आईंनी मरवा लावलाय वाटतं."

"हो," मी म्हटलं.

"छान आलाय. पण हे बरं नाही. भर हिवाळ्यात त्याला जागं ठेवताय. आत्ता दिसतंय तजेलदार, पण ते जाग्रणाचं आहे. थकेल आणि एकदम जाईल."

त्यानंतर ते रोज फिरून आल्यावर खिडकीखाली उभे राहत. झाड वाढत होतं आणि मालकांची काळजीही. एकदा त्यांनी आईसाठी एक गोणपाट आणून दिलं. घडी घातलेलं, धुतलेलं. आईनं ते घेतलं, आभार मानले आणि पायपुसणं केलं. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठून खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या आईंना झोप लागते ना नीट? नाही, काही माणसांना स्वतःला झोप नसली की दुसऱ्याचीही सोसत नाही."

संक्रांतीला तर अवघड झालं. आईनं काकूंना हळदीकुंकवाला बोलावलं आणि अबोलीच्या वेणीत मरव्याच्या दोन काड्या घालून दिल्या. काकू ती माळून खाली गेल्या. पाच मिनिटांत मालकांचा आवाज आला.

"थांब. हा वास क्वेट्ट्याचा आहे."

आम्ही दोघी वरून ऐकत होतो.

"मरव्याचा आहे," काकू म्हणाल्या. "मरव्याला मरव्याचाच वास येणार. आणि तुम्हाला चार दिवस सर्दी आहे. तुम्हाला काल हिंगाचा वास आला नाही."

"पण हा आला."

"आला तर आला. तीळगूळ घ्या."

ते त्या दिवशी दोनदा जिन्याखालच्या खोलीत जाऊन आले. गठ्ठा जागच्या जागी होता. त्यांचं समाधान झालं.

पंधरा फेब्रुवारी हा झाडांना उठवायचा दिवस. आदल्या दिवशी, मालक तलावावर गेले असताना, आम्ही परत अदलाबदल केली. आईनं गेरू घासून काढायचा प्रयत्न केला, पण तो मातीत मुरला होता. आकडा पुसट दिसत होता एवढंच. झाड इतकं फोफावलं होतं की गोणपाट पुरेना. काकूंनी फांद्या वेणीसारख्या आवळून बांधल्या. मालक फिरून आले, खिडकीखाली थांबले आणि त्यांना रिकामी जागा दिसली.

"मरवा कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

आई खिडकीतून म्हणाली, "गेला."

मालकांनी मान खाली घातली. खरोखर वाईट वाटलं त्यांना. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. पण त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बिऱ्हाडं अंगणात. चपला घालायची परवानगी त्याच दिवसापासून असायची, त्यामुळे सगळे मुद्दाम वाजवत उतरले. मालकांनी गठ्ठा बाहेर आणला आणि गाठ सोडली. मरवा छत्री उघडावी तसा उघडला. दाट, हिरवा, हातभर. वास पार फाटकापर्यंत गेला. मालक उकिडवे बसले. त्यांनी कुंडीवरून बोट फिरवलं.

"कुंडीलासुद्धा रंग चढलाय," ते म्हणाले. "गाढ झोपेचा परिणाम."

सामंतांना काकूंनी सगळं सांगितलेलं होतं. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "बाई, अभिनंदन. आता बघा काय होतं ते."

झालं ते असं. मालक उठले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले की पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर ठाण्याच्या हवेत पद्धत सिद्ध झाली आहे. वरच्या मजल्यावरचा मरवा जागा राहिला आणि मेला, जिन्याखालचा झोपला आणि वाचला, याहून वेगळा पुरावा तो काय हवा. आत्तापर्यंत त्यांच्याकडून एकच चूक होत होती, ती म्हणजे झोप कमी पडत होती. माणसं येता-जाता कडी काढतात, उजेड जातो. म्हणून येत्या वर्षी मरवा एक ऑक्टोबरलाच आत जाईल, मार्चअखेर बाहेर येईल, आणि दाराला कुलूप लागेल. किल्ली जानव्याला.

मग त्यांनी मरव्याची एक फांदी कापली आणि आईच्या हातात दिली. "तुमचा गेला. हा लावा. पण या वेळी झोपवा त्याला."

आम्ही वर आलो. मी खाटेवर बसले. आई हातातल्या फांदीकडे बघत होती. समोरून सामंत दारात येऊन उभे राहिले.

"म्हणजे तुम्ही झाड वाचवलंत आणि त्याला जन्मठेप दिलीत," ते म्हणाले.

"सहा महिने," मी म्हटलं.

"सहा महिन्यांत काय राहणार त्याचं. आणि आम्ही सहा महिने चपला हातात घ्यायच्या. माझ्या धाकटीला बघायला येतील तेव्हा?"

"मोठीचं तर जमलं त्यानं."

"नशीब दोनदा नसतं, बाई."

फांदी आईनं लावली, पण तिला मुळं धरली नाहीत. खरा प्रश्न होता खालच्या झाडाचा. कुलूप लागलं की काकूंची गाठ आणि माझा अर्धा तास उशीर दोन्ही निरुपयोगी. ते झाड पुढल्या हिवाळ्यात नक्की मरणार होतं, आणि या वेळी ते आमच्यामुळे मरणार होतं. मला हिशेब सुटल्याशिवाय स्वस्थ बसता येत नाही, हा शिकवण्याचा परिणाम असावा. मालकांना खरं काय ते सांगून टाकायचं, दुसरा मार्ग नव्हता. मालक रागावले तर खोल्या जातील, हेही माहीत होतं. आई म्हणाली, "जातील तर जातील. डोंबिवलीजवळ कोपरला माझी मावसबहीण आहे. डोंबिवलीहून शाळेला जाता येतं की."

रविवारी सकाळी मी खाली गेले. मालक ओटीवर वही घेऊन बसले होते, मरवा समोर. काकू आत तांदूळ निवडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"मालक, एक सांगायचं होतं."

"कुलपाचं ना? किल्ली कुणालाही मिळणार नाही."

"कुलपाचं नाही. हा मरवा जिन्याखाली नव्हता."

त्यांनी वहीतून डोकं वर काढलं. "मग कुठे होता?"

"आमच्या खिडकीत."

"खिडकीतला तुमचा. तो मेला."

"तो मेला नाही. तोच हा. कुंडीला आईनं गेरू लावला होता."

मालकांनी मरव्याकडे बघितलं, मग मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. मग सावकाश विचारलं, "मग जिन्याखाली कोण होतं?"

"बरणी."

"कसली?"

"लोणच्याची. रिकामी. कुंडीत पालथी घातलेली."

"आणि मी रोज तिला..."

"हो."

मी मनात आमची ट्रंक भरायला घेतली. आधी पुस्तकं, मग भांडी. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बरणीला तडा वगैरे?"

"नाही."

"बुरशी?"

"नाही. नीट आहे."

"म्हणजे खोलीत दोष नाही," मालक म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, टाक दौतीत बुडवला आणि मला समोर बसायला सांगितलं. ऊन किती वाजल्यापासून कितीपर्यंत. पाणी कधी. छाटणी केली का. खिडकी नेमकी दक्षिणेलाच की थोडी पूर्वेला कललेली. मी सांगत गेले, ते लिहीत गेले. पाण्याचं मला सांगता येईना तेव्हा त्यांनी आईला खाली बोलावलं. आई आली, आणि थंडीचं सांगता सांगता तिनं पावसाळ्याचंही सांगून टाकलं. मालकांनी तिला एकदाही अडवलं नाही. फक्त "पाऊस मोजायचा कसा" एवढं विचारलं. आई म्हणाली, "मोजायचा नाही. कुंडी आत घ्यायची." तेही त्यांनी लिहिलं.

लिहून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. इतकी वर्षं त्या वहीत क्वेट्ट्याशिवाय दुसऱ्या गावाचं नाव नव्हतं. या पानावर मथळा होता, ठाणे. खाली, 'नोव्हेंबर १०. मरवा वरच्या मजल्यावर, दक्षिण खिडकीत. पाणी मास्तरीणबाईंच्या मातोश्री ठरवतील. जिन्याखाली बरणी.'

"आता बरणी कशाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे मी वर्गात मंद मुलीकडे बघते तसं बघितलं. "मग जिन्याखाली काय ठेवायचं?"

आतून सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षी मरवा पावसाळाभर ओटीवर होता. दहा नोव्हेंबरला सकाळी मालक स्वतः जिना चढून वर आले, दोन्ही हातांत कुंडी धरून. अंगात घाम, डोक्यावर कानटोपी. त्यांनी मरवा खिडकीत ठेवला, आईला विचारून जरा डावीकडे सरकवला, आणि बरणीसाठी हात पुढे केला. आईनं त्यांच्यासाठी मुद्दाम नवी बरणी काढून ठेवली होती. मोठी, कोरी, कुठे टवका नाही. मालकांनी ती उजेडात धरून बघितली आणि परत केली.

"ही नको," ते म्हणाले. "गेल्या वर्षीचीच द्या. तिला सवय आहे."